खळीची बांधणी

जुन्या पुस्तकाची पाठ सोलली की आत काय निघेल ते सांगता येत नाही. आजीच्या ‘भक्तिविजया’च्या पाठीखालून वर्तमानपत्राची एक लांबट पट्टी निघाली. वरचं कापड केव्हाच विटलं होतं. त्याखाली वाळून तपकिरी झालेल्या खळीचा थर, आणि त्या थरात रुतलेल्या छापील ओळी. गूळ, करडई, सरकी, असे बाजारभाव. आकडे वाचता येत होते, तारीख मात्र कातरीत गेली होती. पुस्तक बांधणाऱ्या चाचांनी ओल्या बोटानं पट्टी चाचपली, तिचा एक कोपरा नखानं उचलून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हे पुस्तक आधी एकदा बांधलेलं आहे. ज्यानं बांधलं त्याचा हात चांगला होता.”

“कशावरून?”

“निघतंय म्हणून.”

सुटत नाही ती चांगली बांधणी, असं आपण सगळे धरून चालतो. चाचांचं माप उलटं दिसलं. त्या दोन शब्दांचा पुरता उलगडा व्हायला मला त्यांच्या ओट्यावर बऱ्याच दुपारी बसावं लागलं.

नगरच्या कापडबाजारामागच्या एका बोळात त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, एक लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची थप्पी, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि कागदाच्या कातरणांनी भरलेली दोन पोती. पोट भरतं ते पतसंस्थांच्या रजिस्टरांवर, शाळांच्या हजेरीपटांवर आणि कॉलेजातल्या मुलांच्या प्रोजेक्टांवर. या मुलांना काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं हवी असतात, आणि तीही संध्याकाळपर्यंत. पूर्वी दिवाळीच्या आधी रोजमेळ-खतावण्यांचा ढीग लागायचा. लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी हवी म्हणून आडतवाले आधीपासून सांगून ठेवायचे. आता हिशेब संगणकावर गेले, पूजेपुरती एक लाल वही उरली. जुनी पुस्तकं या सगळ्याच्या फटीतून येतात. त्यांच्यासाठी चाचांनी दुपार राखून ठेवली आहे. जेवण झालेलं असतं, गिऱ्हाईक नसतं, ओट्यावर ऊन तिरपं येतं. तिरप्या उजेडात कागदाची चीर दिसते, समोरच्या उजेडात ती लपते, असं ते सांगतात.

‘भक्तिविजय’ आमच्याकडे चातुर्मासात वाचला जायचा. अध्याय ५७. आषाढी एकादशीला बसलं आणि रोज एक अध्याय धरला की गौरी जेवायच्या सुमारास समाप्ती व्हायची. ग्रंथाचे कर्ते महिपती इथलेच, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. गावचं कुळकर्णपण त्यांच्या घरात होतं. पूजेला बसले असताना सरकारी शिपाई बोलावणं घेऊन आला. काम उरकून परतल्यावर त्यांनी कचेरीची लेखणी कायमची खाली ठेवली आणि पुढे संतांच्या चरित्रांसाठीच ती हातात धरली, अशी त्यांची कथा सांगतात. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, ‘भक्तिविजय’ पुरा झाला. ताहाराबादकडे आमचे पाहुणे असल्यामुळे आजी त्यांना ‘आपले महिपती’ म्हणायची आणि पाहुण्यांच्या खुशालीबरोबर त्यांचाही विषय काढायची.

तिच्या वाचनाच्या खुणा पानोपानी आहेत. अध्याय संपतो तिथं कुंकवाचं बोट. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात निरांजनाच्या तेलाचा पारदर्शक डाग, त्यातून मागच्या पानाची अक्षरं उलटी दिसतात. जुने लेखक पोथी उतरवून झाली की शेवटी पोथीच्याच तोंडून विनवणी लिहीत: तेलापासून मला सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. तेलाच्या दिव्याशी वाचणाऱ्या माणसांनी केलेली ही यादी आहे. आजीनं तेलाच्या बाबतीत ती पाळली नाही. चाचांनी डागावर बोट ठेवून विचारलं, “हे धुवायचं नाही ना?” मी नको म्हटल्यावर त्यांनी मान हलवली; त्यांनाही तेच उत्तर हवं होतं बहुधा.

उकलणं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा. पुस्तक शिकंज्यात पाठ वर करून उभं धरलं. पाठीवर जाडसर ओली खळ थापली आणि चाचा दुसऱ्या कामाला लागले. नुसतं पाणी लावलं तर ते पानांत शिरून डाग पाडतं. खळ पाणी धरून ठेवते, थोडं थोडं सोडते, आणि जुन्या खळीला हळूहळू भिजवते. बऱ्याच वेळानं त्यांनी लाकडी पट्टी फिरवली आणि तो सगळा थर दुधावरची साय निघावी तसा निघाला. खाली फर्म्यांच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांच्या, घड्या उघड्या पडल्या, त्यांवरून आडवे गेलेले दोरे दिसू लागले. दोरा ओढायचा नाही, ओढला तर तो घडी चिरत जातो. प्रत्येक फर्म्याच्या मधल्या पानाशी जायचं, आत दिसणारा टाका टोकदार कातरीनं कापायचा, तुकडा चिमट्यानं उचलायचा, मग पुढचा फर्मा. शिवायला जेवढा वेळ लागतो त्याहून उकलायला जास्त लागतो, आणि त्याचे पैसे कुणाला मागता येत नाहीत.

मग मोजणी. चाचा ओलं बोट न लावता, अंगठ्याच्या कडेनं पानं सोडत जातात. मोजता मोजता ते एके ठिकाणी थांबले. एक फर्मा पुढचा मागे लागला होता. सोळा पृष्ठं भलत्या जागी, आणि तीही आधीच्या बांधणीपासून. “हात चांगला होता,” ते पुन्हा म्हणाले, “पण वाचता येत नसावं त्याला.” त्या जागी पानाच्या तळाशी पेन्सिलीनं काढलेला एक बाण मला दिसला. आजीचा. ओवी तुटते तिथून पुढे कुठे जायचं हे तिनं स्वतःपुरतं करून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं ती त्या अध्यायात पुढे जाऊन मागे येत असणार, आणि तिनं कधी कुणाकडे तक्रार केल्याचं आठवत नाही.

बाइंडर पुस्तक वाचतो का? चाचांना मराठी वाचता येतं, पण हातातलं पुस्तक ते वाचत नाहीत. पृष्ठाचा आकडा पाहतात, ओळ पुढच्या पानावर जुळते का तेवढं पाहतात. त्यांना पुस्तक दुसऱ्या बाजूनं ठाऊक असतं. कागद कुठल्या दिशेनं सहज दुमडतो, शाई ओलीला फुटेल का, आधी कुणी फाटक्या पानाला चिकटपट्टी लावली आहे का. चिकटपट्टीचा त्यांना राग आहे. तिचा प्लॅस्टिकचा भाग वाळून गळून पडतो आणि चिकटा कागदात मुरून पिवळा पट्टा ठेवून जातो. तो काही केल्या निघत नाही. कसर लागलेलं पान ते उजेडाकडे धरून बघतात. कसर वरवर खरवडते, कागद पातळ करते. आरपार भोकं पाडत एका पुठ्ठ्यापासून दुसऱ्या पुठ्ठ्यापर्यंत जाणारी अळी वेगळी, तिचं काम जास्त नेटकं. भोकांना ते हात लावत नाहीत. फाटलेल्या घडीवर मात्र पातळ कागदाची पट्टी लावतात, इतकी अरुंद की अक्षरावर यायला नको, इतकी पातळ की फर्म्याची जाडी वाढायला नको. कारण चार घड्यांना चार पट्ट्या लागल्या की पुस्तक पाठीकडे फुगतं आणि तोंडाकडे मिटत नाही.

शिलाई सुरू झाली की ते बोलत नाहीत. दोरा मेणाच्या खड्यावरून ओढून घेतात, म्हणजे गुंतत नाही. फर्म्याची घडी उघडायची, सुई बाहेरून आत, घडीच्या कडेनं पुढच्या भोकाशी, तिथून बाहेर, पाठीवरच्या आडव्या फितीला वळसा घालून पुन्हा आत. टोकाशी आलं की खालच्या फर्म्याच्या टाक्यात सुई अडकवून गाठ. मग वरचा फर्मा. नवी भोकं पाडायची नाहीत, जुन्याच भोकांतून जायचं. भोकं जितकी वाढतील तितकी घडी दुबळी होते, हे कारण तर आहेच. शिवाय आधीच्या माणसानं अंतरं विचारानं धरलेली असतात. ओढ किती द्यायची हे शब्दांत सांगता येत नाही. कमी पडली तर फर्मे पुढे सरकतात. जास्त झाली तर घडी फाटते, नाहीतर पुस्तक उघडायलाच मागत नाही. मी त्यांच्या उजव्या हाताची करंगळी पाहत बसायचे. दोरा ओढताना ती पाठीवर टेकलेली असते, आणि टाका बसला की किंचित उचलली जाते. मोजमाप तिथं होतं.

आपल्याकडे मुळात ही बांधणी नव्हती, हे या सगळ्यात विसरायला होतं. पोथी सुटी. लांबट पानं एकावर एक, वर-खाली लाकडी फळी, भोवती बासन, त्यावर दोरीचे वेढे. वाचून झालेलं पान उचलून पलीकडे पालथं घालायचं. एका पानाचा भार दुसऱ्यावर नाही, पाठ मोडायची भीती नाही. नगरात १९६० साली सुरू झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात अशा पोथ्या आणि मोडी कागदपत्रं आहेत. जुन्नरी, दौलताबादी असे हातकागद एकेकाळी या मुलुखात चालत. चिंध्यांच्या लगद्याचे, घोटून गुळगुळीत केलेले. शतकं उलटली तरी असा कागद बोटांत लवतो. पोथीत शिवायचं काहीच नसल्यामुळे तिची दुरुस्ती म्हणजे नक्कल. पानं जीर्ण झाली की कुणीतरी बोरू टोकरून बसायचं आणि आख्खा ग्रंथ पुन्हा उतरवून काढायचा.

नेवासं नगरहून फार लांब नाही. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचं निरूपण केलं असं मानतात, तो पैसाचा खांब तिथं अजून उभा आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ला नाव मिळालं ते त्याच्यावरून. शके १२१२ मध्ये सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली प्रत मात्र आज आपल्या हातात नाही. खांब दगडाचा, तो राहिला. ग्रंथ नकलांवर तगला, आणि नकलांत चुका शिरल्या. कुणी ओवी गाळली, कुणी न कळलेला शब्द सोपा केला, कुणाला स्वतःची एखादी ओवी घालायचा मोह आवरला नाही. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि शेवटी बजावलं की आता यात आपली ओवी कुणी मिसळू नये. भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्या लिहिणारा हा कवी. एखादी जागा आपल्याला याहून चांगली जमली असती, असं त्यांना कुठे वाटलं नसेल का? पण ते काम दुरुस्तीचं होतं, आणि दुरुस्तीत हात आखडता घेणं हेच कसब. चाचांना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. “बरोबरच आहे,” ते म्हणाले, “दुसऱ्याचं पुस्तक होतं ना.”

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनाच्या कामाला दिला आहे. अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, बोरू, शाई, सगळं त्यात येतं. पानाच्या चारी कडा मोकळ्या सोडाव्या, म्हणजे पुढे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, हेही तिथंच सांगितलं आहे. लिहिण्याआधीच कागदाच्या मरणाची तजवीज. ती मोकळी जागा लिहिणाऱ्याच्या कामाची नाही, वाचणाऱ्याच्याही नाही. ती शंभर-दोनशे वर्षांनी पोथी हातात धरणाऱ्या माणसासाठी सोडलेली आहे.

छापील पुस्तकात ही जागा पहिल्यांदा खातो तो बाइंडर. कडा मळल्या, दुमडल्या, की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कटिंग मशिनखाली धरून तिन्ही बाजूंनी एकेक सूत उडवणं. पुस्तक झटक्यात नवं दिसतं. दर बांधणीला एकेक सूत गेलं की तिसऱ्या खेपेला पृष्ठांचे आकडे कापले जातात. वाचनालयाची पुस्तकं बघावीत म्हणजे हे कळतं. जाड रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या रंगात हातानं लिहिलेलं नाव आणि दाखल क्रमांक. आतली शिलाई बाजूनं आरपार ठोकलेली, म्हणून पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं आणि ओळीचे शेवटचे शब्द घळीत गेलेले असतात. ही बांधणी निर्दय खरी. पण तिच्या जोरावर एकेका कादंबरीनं चाळीस-चाळीस वर्षं घरोघरचे प्रवास केले, हेही मान्य करावं लागतं. वाचनालयांना टिकाऊपणा हवा होता, आणि तोही स्वस्तात.

त्यात गेलं काय, तर मुखपृष्ठं गेली. दीनानाथ दलालांची चित्रं असलेली किती आवरणं बांधणीच्या वेळी केराच्या पोत्यात पडली असतील! मासिकांचे वर्षाचे अंक एकत्र बांधताना जाहिरातींची पानं काढून टाकायची रीत होती; जाडी कमी व्हायची, पैसे वाचायचे. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे अंकांची रास वाढतच गेली आणि ती बांधून ठेवणाऱ्यांचं कामही. आज अभ्यासक त्याच जाहिराती शोधत येतात. साबण कसला होता, शिलाई यंत्राची किंमत काय होती, चष्मा लावलेली बाई पहिल्यांदा कधी दाखवली, हे सगळं त्या पानांत होतं. फालतू काय आणि कामाचं काय, हे ठरवायचं काम बाइंडरच्या कातरीवर सोडलं गेलं, आणि बिचारा बाइंडर तर सांगितलं ते करत होता.

वाचनालयांच्या आणि नियतकालिकांच्या बाबतीत नगर जुनं गाव आहे. इथलं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. चार वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला तोही इथूनच. नियतकालिक हे मुळात टिकवण्यासाठी नसतं. ते वाचून बाजूला पडायचं, त्यात कुणीतरी पुड्या बांधायच्या. कुणीतरी अंक राखतो, दुसरा कुणी ते क्रमानं लावून शिवतो, आणि मगच त्याचा इतिहास होतो. जुन्या पुस्तकांच्या आतल्या पानावर शिक्के असतात. एकावर एक, निळे, जांभळे, कधी गोल, कधी लंबगोल, कधी नुसतं इंग्रजीत. चाचा असं पान मळकं असलं तरी काढत नाहीत. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि त्यांच्याकडे नवे शिक्के उमटलेली रजिस्टरं यायला लागली. जुनी रजिस्टरं पुन्हा बांधायला येतात त्यांवर अहमदनगर असतं. दोन्ही एकाच शिकंज्यात दाबली जातात. बोलण्यात चाचा अजून नगरच म्हणतात, आणि त्यावर कुणाचा आक्षेप येत नाही.

सगळ्यात अवघड पुस्तकं कुठली, असं मी विचारलं होतं. मला वाटत होतं, शंभर वर्षांपुढची. ते म्हणाले, लढाईच्या काळातली. इथल्या किल्ल्यात नेहरू आणि मौलाना आझाद कैदेत होते, १९४४ च्या उन्हाळ्यात नेहरू तिथं ‘भारताचा शोध’ लिहीत होते, तेव्हा बाहेर कागदाची टंचाई होती. मिळेल त्या लाकडी लगद्याच्या भुसभुशीत कागदावर पुस्तकं निघाली. अशा कागदात आम्ल असतं, ते आतून कागदाला खातं. पान आधी पिवळं, मग तांबूस होतं आणि शेवटी दुमडलं की तुटतं. तिथं सुई चालत नाही, कारण सुईच्या जागीच पान सुटतं. आमच्या नगरची हवा कोरडी म्हणून कोकणातल्या पुस्तकांवर येते तशी बुरशी इथं फारशी धरत नाही. पण तोच कोरडा उन्हाळा या कागदाची उरलीसुरली लवचीकता घेऊन जातो. अशी पुस्तकं चाचा परत करतात. बांधत नाहीत. पुठ्ठ्याची पेटी करून देतात आणि सांगतात, यात ठेवा, वाचायचं झालं तर टेबलावर ठेवून वाचा.

आणि खळ. ती ते घरून करून आणतात. मैदा गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेची झाक आली की उतरवायचं. त्यात चिमूटभर मोरचूद, किडीसाठी. खळीचे दोष त्यांना पाठ आहेत. तिला कसर लागते, झुरळं खातात, पावसाळ्यात ती आंबते, रोज नवी करावी लागते, सुकायला रात्र जाते. फेविकॉल डब्यातून काढला की तयार, पकड घट्ट, सुकतोही लवकर. रजिस्टरांना आणि प्रोजेक्टांना ते बेलाशक फेविकॉल लावतात. जुन्या पुस्तकाच्या पाठीला लावत नाहीत. “तो निघत नाही ना,” ते म्हणाले. “मी आज बांधलं. पन्नास वर्षांनी कुणीतरी परत बांधणार. त्यानं काय करायचं? पाठ फाडायची?”

‘निघतंय म्हणून’चा अर्थ मला इथं लागला. ज्या अनोळखी बाइंडरनं आजीचं पुस्तक बांधलं, त्यानं चाचांसाठी वाट ठेवली होती. जी चूक त्यानं केली, फर्मा पुढचा मागे लावला, तीसुद्धा त्याच्याच खळीमुळे दुरुस्त करता आली. घट्ट चिकटवलेलं तेच टिकतं असं नाही, हे दूरच्या एका पुरातही दिसलं होतं. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं चिखलात बुडाली. मदतीला देशोदेशीचे बाइंडर गेले. त्यांच्या लक्षात आलं की मऊ चर्मपत्राच्या आवरणातली, सरस जवळजवळ न लावता नुसती शिवलेली साधी पुस्तकं बरीच चांगली वाचली होती. सरस थापून घट्ट केलेल्या भारी बांधण्यांचे हाल झाले होते. पुस्तकं दुरुस्त करणारे लोक त्या पुरानंतर काय शिकले, ते मी चाचांना सांगून पाहिलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष पुठ्ठ्याकडे होतं. पुठ्ठ्यावर कापड चढवलं की नगरच्या हवेत ते झपाट्यानं सुकून ओढ घेतं आणि पुठ्ठा बाहेर वाकतो. मग आतून अस्तराचा कागद लावायचा, तो उलटी ओढ घेतो, पुठ्ठा सरळ होतो. वेळ चुकवून चालत नाही. पुराची गोष्ट नंतरही ऐकता येते.

आता निघणाऱ्या बहुतेक पुस्तकांना घडीच नसते. फर्म्याची पाठ मशिनवर कापून टाकतात, सुट्या झालेल्या पानांच्या कडेला गरम सरस लावतात आणि वर आवरण दाबून बसवतात. छान दिसतात, स्वस्त पडतात, आणि माझ्या कपाटातली निम्मीअधिक पुस्तकं तशीच आहेत. पण त्यांना पुन्हा शिवायची जागाच ठेवलेली नाही. सरस वाळून फुटला की पानं हातात येतात, मग बाजूनं टोचण्याखेरीज इलाज नाही, आणि मोकळी जागाही कंजूषपणे सोडलेली. चाचा असं पुस्तक हातात घेतात, मध्ये उघडतात, पाठ कडकन वाजते, आणि मिटून परत देतात. त्यावर काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही, कारण त्यांतल्या एखाद्यात माझाही लेख असतो.

शिवण्याआधी फोटो काढायची कल्पना त्यांचीच. पाठ सुटली त्याच दुपारी, मोजणीच्याही आधी, ते म्हणाले, “पोरीला बोलवा आणि फोटो काढून घ्या. पानं आत्ता सपाट पडतील, नंतर इतकी उघडणार नाहीत.” भाची आली, ओट्याच्या कडेला बसून तिनं पान न् पान टिपलं. ५७ अध्याय तिच्या फोनमध्ये गेले. “मावशी, आता हे फाटलं तरी चिंता नाही,” ती म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. फक्त फोन बदलला की ते नव्या फोनमध्ये उतरवावे लागणार, पुढे आणखी कशात तरी. शिवायचं काही नाही, म्हणजे पुन्हा नक्कल. फिरून आपण पोथीवाल्यांच्या कामाशी आलो. एवढंच, की बोरूवाल्याला उतरवता उतरवता वाचावं लागे, आणि आता न वाचता उतरवता येतं.

पुस्तक बांधून घरी आलं. चाचांनी तो फर्मा जागेवर लावला आहे, ओवी तुटत नाही, आणि आजीचा बाण आता भलत्याच पानाकडे बोट दाखवतो. भाचीच्या फोनमध्ये मात्र पानं जुन्याच क्रमानं आहेत. तिथं ओवी तुटते, आणि तिथं बाण बरोबर आहे. पुढे कधी कुणी दोन्ही प्रती ताडून पाहायला बसलंच, तर कुठली जुनी आणि कुठली शुद्ध, यावर बराच वेळ घालवेल. भाची म्हणते, क्रम बदलणं मिनिटभराचं काम आहे, तू फक्त हो म्हण. मी अजून हो म्हटलेलं नाही.